टाकीतलं डिझेल आणि पलीकडचा किनारा



महासागर ओलांडण्याच्या गोष्टी आपण ऐकतो त्या बहुतेक शिडाच्या बोटींच्या. ते रास्तच आहे. कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईला परतले. त्यांची बोट वाऱ्यावर चालत होती. वारा पडला तर थांबावं लागतं, पण तो पुन्हा सुटतो. आज मी ज्या बोटीबद्दल बोलणार आहे, तिला ही सवलत नाही. ती चाळीस फुटांच्या आसपासची, एका डिझेल इंजिनावर चालणारी, दोन-तीन माणसांची बोट आहे. निघताना टाकीत जेवढं डिझेल असेल, तेवढ्यावर तिला पलीकडचा किनारा गाठायचा आहे.

माझी सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेली. त्यामुळे या प्रवासाकडे मी टाकीच्या बाजूनं पाहतो आणि माझं म्हणणंही तेवढंच आहे: अशा बोटीची तयारी म्हणजे मुळात डिझेलची तयारी. ते पुरेल का, ते स्वच्छ आहे का आणि त्याचं वजन बोट कशी पेलते, या तीन प्रश्नांची उत्तरं बंदरातच मिळवायची असतात.

हे प्रश्न जुने आहेत. १९०२ साली विल्यम न्यूमन नावाचे गृहस्थ आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन ‘ॲबियल ॲबट लो’ या अडतीस फुटी बोटीतून न्यूयॉर्कहून निघाले. इंजिन रॉकेलवर चालणारं होतं. छत्तीस दिवसांनी ते इंग्लंडमधल्या फालमथला पोहोचले. इंजिनाच्या बळावर अटलांटिक ओलांडणारी ही पहिली छोटी बोट. वाटेत टाक्यांना गळती लागली आणि बाप-लेकांना रॉकेलाच्या वासातच दिवस काढावे लागले. म्हणजे पहिल्याच प्रवासात दुखणं निघालं ते इंधनाच्या साठवणीचं.

दहा वर्षांनी, १९१२ मध्ये, ‘द रडर’ या मासिकाचे संपादक थॉमस फ्लेमिंग डे यांनी ‘डेट्रॉइट’ ही पस्तीस फुटी बोट अटलांटिकपार नेली. इंजिन अवघं सोळा अश्वशक्तीचं, माणसं चार, इंधन पेट्रोल. सुमारे तीन आठवड्यांत ते आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनला पोहोचले आणि तिथून पुढे रशियातल्या सेंट पीटर्सबर्गपर्यंत गेले. १९३६ मध्ये मारँ-मारी या फ्रेंच चित्रकारानं डिझेल इंजिनाच्या ‘आरिएल’मधून न्यूयॉर्क ते फ्रान्स हा प्रवास एकट्यानं केला.

पण या विद्येची शिस्तवार मांडणी केली ती रॉबर्ट बीबी यांनी. ते अमेरिकी नौदलातले कॅप्टन आणि वैमानिक होते. त्यांनी पन्नास फुटी ‘पॅसेजमेकर’ स्वतः आखली, सिंगापूरला बांधून घेतली आणि १९६३ मध्ये हिंदी महासागर, तांबडा समुद्र आणि सुएझ या वाटेनं ग्रीसला नेली. १९७५ मध्ये आलेलं त्यांचं ‘व्हॉयेजिंग अंडर पॉवर’ हे पुस्तक या विषयाचा पाया मानलं जातं. आता मी जे सांगणार आहे, त्यातलं पुष्कळ त्यांच्या शाळेतलं आहे.

पहिला प्रश्न: पुरेल का? इथे सुरुवात वेगापासून होते. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला तिच्या लांबीनं घातलेली एक मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ नं गुणा. जो आकडा येतो, त्या नॉटपलीकडे अशी बोट सहसा जात नाही. ३६ फुटांचं वर्गमूळ ६, म्हणून मर्यादा साधारण ८ नॉट. या मर्यादेजवळ बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. तिथे जास्तीचं इंजिन लावलं तर लाट मोठी होते, वेग फारसा वाढत नाही.

वेग वाढवायचा तर लागणारी शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आपली ही ३६ फुटी जलरेषेची बोट ६ नॉटला तासाला ७ लिटर डिझेल पिते असं धरू. ८ नॉटला ती किमान १७ लिटर पिईल. बर्म्युडा ते अझोर्स बेटांवरचं होर्ता हे अंतर सुमारे १८०० सागरी मैल आहे आणि टाक्यांत ३५०० लिटर आहेत. ६ नॉटनं ३०० तास लागतील, म्हणजे साडेबारा दिवस, आणि २१०० लिटर जळतील. पोहोचल्यावर १४०० लिटर शिल्लक राहतील. ८ नॉटनं २२५ तास लागतील आणि ३८०० लिटरहून अधिक लागतील. म्हणजे होर्ता दीडशे मैलांवर असताना इंजिन बंद पडेल. तीन दिवस वाचवण्याच्या हव्यासाची ही किंमत आहे.

या गणितात समोरचा प्रवाहही धरावा लागतो. पाण्यावर ६ नॉट असताना अर्धा नॉट उलटा प्रवाह असला, तर तीनशेऐवजी सव्वातीनशेहून अधिक तास जातात. समोरून वारा आणि लाट असली की आणखी. जनरेटर चालवला तर त्याचं डिझेल वेगळं. म्हणून सगळा हिशेब झाल्यावर किमान वीस टक्के शिल्लक ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही.

मात्र ७ लिटर हा आकडा कुठून आणायचा? इंजिनाच्या माहितीपुस्तकातून नव्हे. आपली बोट, पूर्ण भरलेली, रसद आणि पाण्यासह समुद्रात न्यायची. इंजिनाला डिझेल देणाऱ्या छोट्या डे टँकला उभी काचनळी बसवायची. एकेका आरपीएमला तास-तासभर चालवून नळीतली पातळी किती उतरते ते मोजायचं, वेग दोन्ही दिशांना घेऊन सरासरी काढायची. असा तक्ता ज्या बोटीवर नाही, तिनं महासागराचं नाव घेऊ नये.

बीबी वैमानिक होते, हे मी मुद्दाम सांगितलं. लांब पल्ल्याच्या विमानांत वैमानिक एक आलेख ठेवत असत, तो त्यांनी बोटीवर आणला. आडव्या रेषेवर अंतर, उभ्या रेषेवर शिल्लक इंधन. भरलेल्या टाकीपासून मुक्कामापर्यंत, राखीव साठा सोडून, एक तिरकी रेघ काढायची. रोज दुपारी काचनळ्या वाचून प्रत्यक्ष बिंदू मांडायचा. बिंदू रेघेच्या वर असेल तर ठीक. खाली गेला तर त्याच दिवशी वेग अर्धा-एक नॉटनं उतरवायचा. चौथ्या दिवशी कळलं तर उपाय सोपा असतो, दहाव्या दिवशी कळलं तर उपाय उरत नाही. उपग्रह दिशादर्शनाच्या आजच्या काळातही हा आलेख मला फार मोलाचा वाटतो.

दुसरा प्रश्न: डिझेल स्वच्छ आहे का? चांगलं डिझेल इंजिन स्वच्छ इंधन, स्वच्छ हवा, तेल आणि थंडावा मिळाला तर हजारो तास चालतं. ते बंद पडतं तेव्हा दोष बहुधा त्याच्याकडे येणाऱ्या डिझेलमध्ये असतो. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतली वाफ थंड होते आणि पाणी तळाशी जमतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा काळा चिकट गाळ होतो. बंदरात बोट स्थिर असते, तोवर तो तळाशी गुपचूप बसून राहतो. समुद्र खवळला की टाकी घुसळली जाते, गाळ फिल्टरमध्ये जातो आणि इंजिन उपाशी राहून थांबतं. म्हणजे ते नेमकं लाटा मोठ्या असतानाच थांबतं. बोट लाटांना आडवी पडते आणि त्या हेलकाव्यांत तापलेल्या इंजिनरूममध्ये उतरून फिल्टर बदलायची वेळ येते.

म्हणून टाकीला माणसाचा हात आणि दिवा आत जाईल असं झाकण हवं. निघण्यापूर्वी टाकी रिकामी करून, आतून पुसून पाहायची. तळाच्या खोलगट भागात नळ हवा, म्हणजे पाणी काढता येतं. मोठ्या टाक्यांमधलं डिझेल गाळूनच डे टँकमध्ये घ्यायचं, तिथून ते इंजिनाकडे. मुख्य वाटेवर दोन फिल्टर शेजारी-शेजारी हवेत. एक चालू असताना, इंजिन न थांबवता, दुसरा बदलता आला पाहिजे. ओढ वाढली की दाखवणारा मापक त्यावर हवा, म्हणजे फिल्टर तुंबायच्या आधी कळतं. सुटे फिल्टर लागतील असं वाटतं त्याच्या कितीतरी पट घ्यावेत.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. डिझेल इंजिन जेवढं डिझेल ओढतं, त्यातलं बरंचसं परत टाकीकडे पाठवतं. कोणता झडपनळ उघडा आहे यावर ते कोणत्या टाकीत जातं हे ठरतं. चुकीची झडप उघडी राहिली तर एक टाकी रिकामी होते आणि दुसरी ओसंडते. प्रत्येक झडपेवर नाव रंगवा आणि सगळ्या नळ्यांचा नकाशा इंजिनरूमच्या दारावर लावा. बोटीवरच्या प्रत्येकाला इंजिनाच्या इंधननळ्यांत अडकलेली हवा, म्हणजे ‘एअर’, काढता आली पाहिजे, ती सुद्धा डोळे मिटून.

तिसरा प्रश्न वजनाचा. साडेतीन हजार लिटर डिझेलचं वजन सुमारे तीन टन होतं. ते बोटीच्या तळाशी असताना तिला स्थिर ठेवतं. प्रवासात ते जळत जातं आणि बोट वर उठते. एका बाजूचं आधी संपलं तर ती कलते, म्हणून दोन्ही बाजूंच्या टाक्या सारख्या उतरवाव्या लागतात. अर्धी टाकी धोक्याची, कारण डिझेल कललेल्या बाजूला धावतं आणि बोट आणखी कलते. टाकीत डिझेल अडवणाऱ्या पडद्या हव्यात आणि एकाच वेळी अनेक टाक्या अर्ध्या ठेवू नयेत. जास्तीचं डिझेल डेकवर पिंपांत किंवा रबरी पिशव्यांत नेण्याचा मोह होतो. उंचावरचं ते वजन बोटीचा तोल बिघडवतं. न्यावंच लागलं तर शांत हवेत सर्वांत आधी ते खाली उतरवून घ्यावं.

शीड नसलेली बोट फार डोलते, हेही लक्षात घ्या. ‘डेट्रॉइट’वरच्या चौघांना या डोलण्यानं बेजार केलं होतं. झोप नाही, जेवण नाही, मग माणूस चुका करू लागतो. बीबींनी मासेमारी बोटींवरचा उपाय उचलला: दोन्ही बाजूंना लांब काठ्या पसरायच्या आणि त्यांना साखळीनं बांधलेले धातूचे पंख पाण्याखाली ओढत न्यायचे. आज यंत्रानं हलणारे पंखही मिळतात. पण ते बिघडले तर काय, याचं उत्तर काठ्यांकडे असतं.

तोच न्याय इंजिनाला. अनेक बोटींवर दुसरं छोटं इंजिन असतं, स्वतःचा दांडा आणि पंखा असलेलं. त्याची टाकी मात्र वेगळीच हवी. नाहीतर मुख्य इंजिन ज्या घाण डिझेलनं थांबलं, त्याच डिझेलनं तेही थांबेल. आणि ते दर आठवड्याला भार देऊन चालवलं पाहिजे.

बाकीची तयारी थोडक्यात. मोठ्या खिडक्यांना बाहेरून बसणाऱ्या मजबूत झडपा, बांधून टाकलेल्या बॅटऱ्या आणि नांगर, विजेच्या पंपाबरोबर हातपंप, थंड पाणी खेचणाऱ्या पंपाची सुटी रबरी चाकं, जीवतराफा आणि ४०६ मेगाहर्ट्झवर संकटसंदेश देणारा बीकन. हे संदेश टिपणारं भारताचं केंद्र बंगळुरूला आहे. तासातासाला कोणीतरी इंजिनरूममध्ये उतरून तापमान, तेलाचा दाब, तळाचं पाणी आणि काचनळी पाहावी आणि वहीत लिहावं.

ऋतूचा मान ठेवावाच लागतो. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्या बोटी बर्म्युडा मे महिन्यात सोडू पाहतात. आपला अरबी समुद्र अशा बोटींना डिसेंबर ते मार्च या ईशान्य वाऱ्यांच्या काळातच खुला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आपल्या यांत्रिक नौकाही किनाऱ्याला लागतात.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणाच्या मनात असा प्रवास असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे: बोट विकत घेण्याआधी ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा अशा मासेमारी बंदरांवर जा. तिथल्या एखाद्या इंजिन-ड्रायव्हरच्या हाताखाली एक हंगाम काढा. एअर काढायला, फिल्टर बदलायला, आवाजावरून इंजिन ओळखायला शिका. मग स्वतःच्या बोटीची टाकी स्वतःच्या हातांनी उघडून पुसा, तक्ता तयार करा आणि किनारा दिसत राहील इतक्या अंतरावर आठवडाभर अखंड चालवून पाहा. त्या आठवड्यात जे बिघडेल ते दुरुस्त करा आणि पुन्हा आठवडाभर चालवा. काही बिघडेनासं झालं, की मगच टाक्या भरा.