जुन्या गोव्यांतील पहिला दिवस

(जुबिली-सभेंत दिलेलें व्याख्यान)



गेल्या हिवाळ्यांत आपल्या भागांतील आम्ही कांहीं मंडळी गोव्याच्या यात्रेस गेलों होतों. त्या यात्रेंतील पहिल्या दिवसाचें वर्णन करावें, अशी मला आज्ञा झाली आहे. आपली झरी जामणी काळ्या मातीची व कापसाची. समुद्र येथून फार दूर. तथापि त्या दिवशीं जें पाहिलें, त्यांत आपल्या जुबिलीस लागू पडणारी एक गोष्ट आहे. म्हणून ती आपणांपुढें ठेवितों.

सकाळीं आम्ही मांडवीच्या तीरावर उतरलों. पोर्तुगालहून येणारा नवा व्हाइसरॉय पूर्वीं येथूनच नगरांत शिरत असे. त्या वाटेवरची कमान वास्को द गामाच्या पणतूनें, तो व्हाइसरॉय असतांना, १५९९ सालीं उभारली. पुढें ती ढासळली व १९५४ सालीं पुन्हां बांधण्यांत आली.

त्या काळीं पोर्तुगीज तारवें दोन दिशांस फिरत होतीं. १५०० सालीं हिंदुस्थानाकडे निघालेलें काब्रालचें आरमार वाटेंत ब्राझीलच्या किनाऱ्यास लागलें व नंतर कालिकतास पोहोंचलें. १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं आलें. १५४९ सालीं ब्राझीलमध्यें साल्वादोर नगर वसलें. ब्राझीलचा काजू गोव्याच्या टेंकड्यांवर रुजला. दोन्ही नगरांत तशींच भव्य मंदिरें, तशाच सोन्यानें मढविलेल्या वेदी. परंतु साल्वादोर आजही लाखों लोकांनीं गजबजलेलें आहे. जुन्या गोव्यांत मंदिरें उरलीं, नगर मात्र उठून गेलें.

प्रथम आम्ही संत कॅथरीनचें महामंदिर पाहिलें. १५६२ सालीं आरंभिलेलें तें काम पुरें होण्यास कित्येक दशकें लागलीं. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकीं एक १७७६ सालीं पडला. उरलेल्या मनोऱ्यांत मोठी ‘सुवर्णघंटा’ आहे. समोरच बॉम जेझूचें मंदिर. १६०५ सालीं त्याचें पवित्रीकरण झालें. ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर देह ठेवणाऱ्या संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष येथें आहेत. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या अधिपतीनें पाठविलेला. वरची रुप्याची पेटी मात्र गोव्याच्याच सोनारांनीं घडविलेली. तेथें आमच्यांतील वृद्ध मंडळी बराच वेळ गुडघे टेकून होती.

दुपारीं टेंकडीवरील संत अगस्तीनच्या भग्न मंदिराकडे गेलों. जांभ्या दगडाचा एकच मनोरा, सुमारें ४६ मीटर उंच, उभा आहे. आमच्यापैकीं एका शेतकरी बंधूनें विचारिलें, “एवढें थोर देऊळ पडलें तरी कसें?” उत्तर साधें आहे. सांथींनीं नगर ओस पडत गेलें. १८३५ सालीं सरकारानें मठवासी संघ बंद केले. राखणारे हात गेले. १८४२ सालीं छत कोसळलें आणि १९३१ सालीं दर्शनी भाग व अर्धा मनोराही खालीं आला. राजधानी तर १८४३ सालींच पणजीस गेली होती.

त्या दगडांत बसलों असतां मला एका ग्रंथाची आठवण झाली. १५७९ सालीं इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. त्यांनीं येथील भाषा शिकून सुमारें ११,००० मराठी ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें. पुढें १६८४ सालीं त्याच राज्यानें लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें, असा हुकूम काढिला. त्या जुन्या छापील प्रतींपैकीं आज एकही उपलब्ध नाहीं. परंतु लोकांनीं तें पुराण हातानें उतरून घेतलें व घरोघर गाइलें. त्या हस्तलिखितांच्या आधारें तें १९०७ सालीं मंगळुरास पुन्हां छापलें. ब्राझीलमध्यें संत जुझे द आंशिएता यांनींही तेथील तुपी लोकांची भाषा शिकून तिचें व्याकरण लिहिलें. तें १५९५ सालीं प्रसिद्ध झालें.

बंधुभगिनींनो, राजाज्ञेनें उभें राहिलेलें तें नगर ओस पडलें. लोकांच्या जिभेवर ठेविलेला शब्द त्याच राजाज्ञेस पुरून उरला. जुबिलीच्या वर्षीं नव्या भिंतीचा, नव्या घंटेचा विचार होणें योग्यच आहे. मीही त्यास यथाशक्ति हातभार लावीन. परंतु आपल्या या तालुक्यांत मराठीबरोबर कोलामी, गोंडी व तेलुगुही घराघरांत बोलली जाते. आजीच्या बोलींतील प्रार्थना नातवास येते काय, हा प्रश्न भिंतीच्या खर्चाहून लहान नाहीं.

म्हणून माझी नम्र सूचना आहे : दर रविवारीं मिस्सानंतर अर्धा तास ख्रिस्तपुराणाचें वाचन व्हावें, आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या प्रार्थना व भक्तिगीतें, ज्या बोलींत असतील त्या बोलींत, तरुणांनीं वहींत उतरून घ्यावींत. या कामास निधि लागत नाहीं. वही, लेखणी व ऐकणारा कान एवढें पुरे. पुढील जुबिलीस जे येथें जमतील, त्यांच्या हातीं ती वही पडो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.