देश सुटतो, इतिहास सुटत नाही



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी आम्ही स्पेनच्या इतिहासावरील ग्रंथांचा विषय सुचविला, तेव्हा काही स्नेह्यांना नवल वाटले. त्या नवलाचे उत्तर देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

१९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धाने स्पेनमधील अनेक विद्वान देशोधडीला लागले. त्यांपैकी अमेरिको कास्त्रो यांनी १९४८ साली ‘एस्पान्या एन सू इस्तोरिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी यांच्या शतकानुशतकांच्या सहवासातून व संघर्षातून स्पॅनिश माणूस घडला, असे त्यांचे प्रतिपादन. क्लाउदिओ सांचेस-आल्बोर्नोस यांना ते मुळीच मान्य नव्हते. १९५६ च्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात त्यांनी स्पॅनिश स्वभावाची मुळे इस्लामच्या आगमनापूर्वीच्या काळात शोधली. दोघेही निर्वासित, दोघांचेही ग्रंथ प्रथम छापले गेले ते दूर ब्युनोस आयरेसला. ज्या भूमीवर पाऊल ठेवता येत नव्हते, तिच्या स्वरूपाविषयी दोघे हिरिरीने भांडत होते! या भांडणातील तळमळ आपल्याला निराळी समजावून सांगावी लागू नये.

तो वाद केवळ पंडिती नव्हता. १४९२ साली ग्रानाडा पडले आणि त्याच वर्षी यहुद्यांना धर्मांतर किंवा देशत्याग यांपैकी एक निवडण्याची आज्ञा झाली. मुदत जेमतेम चार महिन्यांची. सोने-चांदी नेण्यास बंदी. पुढे १६०९ ते १६१४ या काळात धर्मांतरित मुसलमानांचे वंशज, सुमारे तीन लाख माणसे, हाकलली गेली. तथापि यहुद्यांनी नेलेली भाषा सालोनिका व इस्तंबूल येथील घरांतून चार शतकांहून अधिक काळ बोलली गेली.

या निर्वासितांचा एक धागा आपल्या कोकणकिनाऱ्यापर्यंत येतो. वैद्य गार्सिया द ओर्ता यांचे आईवडील स्पेनमधून पोर्तुगालात गेलेले यहुदी. ओर्ता स्वतः सालामांका व आल्काला येथे शिकले, १५३४ साली गोव्यास आले आणि १५६३ साली त्यांनी येथील वनौषधींवरील संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापविला. मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशनने त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. गोव्याच्या इन्क्विझिशनवर अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली ग्रंथ लिहिला, हे येथे कृतज्ञतेने स्मरावेसे वाटते.

स्पॅनिश इन्क्विझिशनचे अभ्यासक हेन्‍री केमेन यांनी १९६५ चा आपला ग्रंथ १९९७ साली नव्याने लिहून स्वतःचीच काही मते दुरुस्त केली. हा प्रामाणिकपणा आम्हाला मोलाचा वाटतो. कारण दूर राहणाऱ्या माणसाच्या मनात मायभूमीचे एकच, सोवळे चित्र गोठून बसण्याचा धोका फार. स्पॅनिशमधील ‘आसूकार’ हा शब्द अरबीतून आला. अरबीत तो फारसीतून गेला. आणि त्याचे मूळ संस्कृत ‘शर्करा’, म्हणजे आपलीच साखर! दप्तर आणि शाई फारसीने दिली, बटाटा आणि पाव पोर्तुगीजांनी. तरी आपली मराठी मराठीच राहिली.

मुलांना मराठी शिकवताना आपण हा सारा गोतावळाही दाखवावा, अशी आमची नम्र विनंती आहे. घरातल्या कुणाला वगळून घराण्याचा इतिहास सांगितला, तर वगळलेल्याचे नुकसान होतेच. पण ऐकणाऱ्या मुलाचेही होते.