दुसऱ्याचीच पट्टी दिसायली!

आजचा विषय कॅश. पैशांची नाही, सर्व्हरवरची. आणि यात चूक माझीच आहे.

आमच्या मुदखेडकडे फुलशेती बरीच. एका आडतीसाठी मी छोटं वेब ॲप केलं होतं: शेतकऱ्यानं लॉगिन करायचं, आजचा भाव आणि स्वतःची पट्टी बघायची. दसऱ्याआधी झेंडूची गर्दी झाली, साईट रखडायला लागली. मी एनजिनेक्समध्ये पेज कॅश चालू केली. म्हणजे एकदा बनलेलं पान सर्व्हर जपून ठेवतो आणि पुढच्याला तेच देतो. साईट एकदम पळायला लागली. मी खूश!

सकाळी एका काकांचा फोन. "अरे, माझ्या मोबाईलवर दुसऱ्याचीच पट्टी दिसायली की रे!"

पोटात गोळाच आला. कोणाला किती पैसे मिळाले, ही गावात साधी गोष्ट नसते.

आधी कॅश बंद करून साईट वाचवली. मग तोच प्रकार टेस्ट सर्व्हरवर करून पाहिला. ब्राउझर साफ केला, तरी तेच. दुसरा फोन, तरी तेच. म्हणजे दोष फोनचा नाही. मग कर्लनं हेडर बघितले. कॅशची स्थिती सांगणारा हेडर मी लावला होता. त्यात 'हिट' आलं. पान ॲपनं बनवलंच नव्हतं, कॅशनं दिलं होतं.

कारण साधं होतं. कॅशची किल्ली पानाच्या पत्त्यावरून बनते, लॉगिनची कुकी त्यात आपोआप येत नाही. पट्टीचा पत्ता सगळ्यांना एकच. पहिल्यानं उघडलेली पट्टी पुढच्या सगळ्यांना!

असं मोठ्यांचंही झालंय. २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमच्या दुकानावर हल्ला झाला. तो थोपवताना कॅशची सेटिंग चुकली आणि दीड तासात सुमारे ३४,००० जणांची पानं इतरांना दिसली असावीत, असं कंपनीनंच सांगितलं.

माझा उपाय: पट्टीच्या पानाला 'प्रायव्हेट, नो-स्टोअर'. लॉगिनची कुकी असेल तर कॅश वगळायची. भावाचं पान वेगळं केलं, लॉगिनशिवाय; ते सगळ्यांना सारखंच, म्हणून एक मिनिट कॅश. आणि तपासताना नेहमी दोन खाती, दोन ब्राउझर. एकट्याच्या लॉगिनवर ही चूक कधीच दिसत नाही.

शेवटी आडतीवर जाऊन सगळ्यांना खरं सांगितलं. ते कोडपेक्षा अवघड गेलं.

तर कॅश लावण्याआधी एकच विचारा: हे पान सगळ्यांचं की एकाचं?

भेटू पुढच्या भागात!