नाव घराण्याचे, नियम संस्थेचा



विक्रीत सरस कोण, घरची पेढी की परक्यांनी एकत्र येऊन चालविलेली संस्था? जळगावच्या भवरलालजी जैन यांनी १९६३ साली घरच्या ७,००० रुपयांवर व्यापार आरंभिला. घरची पुंजी लावण्याचा निर्णय घरातच होतो, हे कौटुंबिक व्यवसायाचे बळ होय. उलट १९५९ साली गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ सुरू केले. तेथे प्रत्येक सभासद भागीदार असून तिला ‘बहीण’ म्हणतात. संस्थेने घराकडून जिव्हाळा घेतला. आता आपल्या पेढ्यांनी संस्थेकडून नियम घ्यावा. गल्ला व घरखर्च वेगळे असावेत, मुलाच्या कामाचाही हिशेब व्हावा.

जुनी ओळख गावापुरती चालते. मुंबई-पुण्याचा ग्राहक पेटीवरील नावावर विसंबतो. रत्नागिरीसह कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव कोणा एका घराण्याचे नाही. एकाने बाहेरचा आंबा त्या नावाने विकला, तर साऱ्यांची पत जाते.

म्हणून येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी एक वही अधिक ठेवावी. नवा ग्राहक कोठून आला आणि जुना का गेला, एवढेच तीत लिहावे.

जय जिनेंद्र.