रामाने मराठीत विचारलेला प्रश्न

(धाराशिव येथील नवरात्र व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन)

धाराशिवकरांना तुळजाभवानी समजावून सांगणं म्हणजे आजोळी जाऊन मामाची ओळख करून देणं, असं म्हणत वक्त्यांनी पुराणातली कथा दोन वाक्यांत आटोपली. कर्दम ऋषींच्या मागे त्यांची पत्नी अनुभूती मंदाकिनीकाठी तप करत होती, कुकुर दैत्य आडवा आला आणि तिच्या हाकेला देवी त्वरेने धावली. म्हणून ती त्वरिता, त्वरितेची तुरजा, तुरजेची तुळजा. यमुनाचल, साडेतीन पीठं, कल्लोळ तीर्थ यांची नुसती नावं घेऊन त्यांनी ती बाजूला ठेवली. अफजलखानाची १६५९ची स्वारी तर ‘शाळेत झाली आहे’ एवढ्यावर भागवली.

त्यांना बोलायचं होतं तुळजापूरच्या घाटशिळेबद्दल.

सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला देवीने घाटशिळेवरून लंकेची वाट दाखवली. राम तिला म्हणाला, ‘तू का आई?’ म्हणून ती तुकाई. ‘आता गंमत बघा,’ वक्ते म्हणाले. ‘त्वरितेची तुळजा व्हायला संस्कृत लागतं. तुकाईला मराठीच लागते. प्रभू रामचंद्र आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत शिरले की मराठी बोलतात!’ सभागृहात हशा पिकला. तो ओसरायच्या आत त्यांनी कळंब तालुक्यातलं येरमाळा गाठलं. तिथे हीच देवी, म्हणजे पार्वती, सीतेचं रूप घेऊन येते. राम तिला ओळखतो, पण इथला राम ‘तू येडी आहेस’ म्हणतो, म्हणून ती येडाई, येडेश्वरी. या दोन गावांच्या मध्ये येडशीजवळ रामलिंग आहे. तिथे जटायूने प्राण सोडला आणि त्याच्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढलं, असं सांगतात. तुळजापूर, येडशी, येरमाळा ही तिन्ही गावं आज सोलापूर-धुळे महामार्गावर आहेत. यात्रेकरूंच्या पायाखालच्या वाटेवर रामाला चालवणारे लोकही त्याच वाटेचे असणार, असं वक्त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या रांगेतून प्रश्न आला, ‘म्हणजे आमची गोष्ट खोटी म्हणायची का?’

वक्ते थोडे सावरून बसले. ‘खोटी कोण म्हणतंय? यमाई, जाखाई, मुक्ताई अशी नावं महाराष्ट्रभर आहेत. रामाने विचारलं नसतं तरी तुकाई झाली असती, असं भाषेचा अभ्यासक म्हणेल. त्याने त्याचं काम करावं. ग. ह. खरे, रा. चिं. ढेरे यांनी या देवीवर लिहून ठेवलं आहे, ते जरूर वाचा. माझा प्रश्न वेगळा आहे. ही गोष्ट कोण सांगतं आणि सांगून त्याला कोणता मान मिळतो?’ त्यांच्या मते दैवतकथा हा मानपानाचा दस्तऐवज असतो. हे पटवायला त्यांनी देवीच्या पलंगाचं उदाहरण घेतलं आणि तिथेच व्याख्यानाची वेळ हातची गेली.

बुऱ्हाणनगरच्या जानकोजी भगत या तेल्याच्या घरी देवी लहान मुलीच्या रूपात राहिली आणि एके दिवशी निघून गेली. तो शोधत तुळजापूरला आला, तेव्हा सीमोल्लंघनाला तुझ्याच पालखीत बसेन, असा शब्द तिने दिला. कथा एवढीच. पण तिच्या जोरावर नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून दरवर्षी नवी पालखी येते आणि पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून जुन्नर-नगरमार्गे नवा पलंग येतो. मूर्ती चल असल्यामुळे दसऱ्याला ती सिंहासनावरून हलवता येते. तिला १०८ साड्यांचं दिंड बांधतात, पालखीतून प्रदक्षिणा होते, मग कोजागरीपर्यंत देवी पलंगावर श्रमनिद्रा घेते. जुनी पालखी आणि पलंग होमात जातात. ‘एकेकाळी नगरकडे इंग्रजांचा अंमल होता आणि इकडे निजामाचा. पलंगाची वाट मात्र दोन्ही राज्यांतून जात होती,’ वक्ते सांगत होते. पुढे सुतारकामापासून वाटेतल्या मुक्कामांपर्यंत तपशील येत गेले. मागच्या बाकावरच्या आराधी बायकांनी मध्येच ‘आई राजा उदो उदो’ केला, तेव्हा टाळ्यांत पाच मिनिटं गेली.

अध्यक्षांची पहिली चिठ्ठी त्यांनी खिशात घातली, दुसरी वाचली. मग धारासुराला मारणारी धारासूरमर्दिनी आणि तिच्याशी जोडलेलं धाराशिव हे नाव, निजाम उस्मान अली खानावरून पडलेलं उस्मानाबाद आणि २०२३मध्ये परतलेलं जुनं नाव, हे सगळं एका दमात उरकलं. ‘यावर पुन्हा बोलवा,’ म्हणाले. नळ राजा आणि नळदुर्ग राहूनच गेले.

उठताना त्यांनी एक मागणी केली. सातबाऱ्यावर गट क्रमांक आले आणि शेतांची, ओढ्यांची, बारवांची नावं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली. तेव्हा दसऱ्याला गावी जाल तर आपल्या घरचा मान कोणता, तो कुठल्या वाटेने जातो आणि त्या वाटेवरच्या जागांना काय म्हणतात, हे थोरल्यांना विचारून वहीत उतरवून आणा.