वाजवणाऱ्यांची नावंही जपू या

लग्नसराई आली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव डीजेच्या गाड्या फिरतात. छातीत धडधडतं, म्हातारी माणसं कान झाकून बसतात. पूर्वी याच वरातीत बँड असायचा. ट्रम्पेट, क्लॅरोनेट, ढोल आणि सिनेमाची चाल. शब्द कुणी म्हणत नसे, तरी गाणं कोणतं ते लहान पोरही ओळखायचं. आज आपण अशाच, शब्दांशिवायच्या एका जुन्या रेकॉर्डविषयी बोलू. गटाची बैठक संपल्यावर आम्ही ती मोबाइलवर लावून ऐकली.

रेकॉर्डचं नाव 'रागा जॅझ स्टाइल'. १९६८ साली एचएमव्ही कंपनीनं ती काढली. संगीत शंकर-जयकिशन यांचं. यातले शंकर हैदराबादेत वाढलेले. आपला जिल्हाही १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता.

त्या काळी पितळी वाद्यांची हवा जगभर होती. अमेरिकेत हर्ब अल्पर्ट यांच्या 'टिहुआना ब्रास'ची १९६५ ची रेकॉर्ड तुफान खपली होती. इकडे मुंबईत शंकर-जयकिशन यांनी आपले अकरा राग घेतले आणि ते जॅझच्या ठेक्यावर बसवले. जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. रेकॉर्डमध्ये तोडी आहे, मालकंस आहे, शिवरंजनी आहे. मियाँ मल्हारही आहे. तो लागला तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघींनी लगेच आभाळाकडं पाहिलं! भैरवी तर आपल्या ओळखीचीच. भजनाची सांगता तिनंच होते.

ऐकताना एक प्रश्न निघाला. सॅक्सोफोन पितळेचा आणि ट्रम्पेटही पितळेचा, मग आवाज इतका वेगळा कसा? ट्रम्पेटमध्ये वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात. सॅक्सोफोनच्या तोंडाशी मात्र बोरूची पातळ पट्टी असते, आपल्या सनईच्या पत्तीसारखी. ती थरथरते, म्हणून सॅक्सोफोन गळ्यातून गायल्यासारखा वाटतो.

जुनी रेकॉर्ड साफसूफ करून नव्यानं काढतात, त्याला रीमास्टरिंग म्हणतात. मूळ फीत पुन्हा वाजवून खरखर कमी करायची, दबलेलं वाद्य थोडं वर आणायचं. सुपात धान्य पाखडतो तसंच हे काम. हात हलका हवा. जोरात पाखडलं तर फोलपटाबरोबर दाणेही उडतात. खरखर जास्त काढली तर वाजवणाऱ्याचा श्वासही जातो. आवाज नुसता मोठा केला म्हणजे तो स्वच्छ झाला असं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुपात आधी धान्य हवं. जे कुणी भरूनच ठेवलं नाही, ते कोणतंही यंत्र परत आणत नाही.

या रेकॉर्डचं आम्हाला विशेष वाटलं ते आणखी एका कारणानं. वाजवणाऱ्यांची नावं उरली आहेत. सतार रईस खान यांची, ट्रम्पेट जॉन परेरा यांचा, सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा, ड्रम लेस्ली गोदिन्हो यांचे. मनोहारी सिंग बाटा कंपनीच्या ब्रास बँडमधून पुढं आले आणि हिंदी सिनेमाचे नामांकित वादक झाले. पियानोवर आहेत लुसिला पाचेको. एवढ्या पुरुषांत एक बाई! नाव लिहिलेलं नसतं, तर तो पियानोही आपण एखाद्या पुरुषाचाच समजलो असतो.

आता आपल्या गावाकडं या. ज्यांच्या हलगी-सनईशिवाय लग्न लागत नव्हतं, त्या मातंग आणि होलार घरांतल्या वादकांना पंगतीत शेवटी बसवलं जायचं. त्यांतले काही पुढं बँडमध्ये गेले. डीजे आल्यापासून त्यांना सुपारी मिळेना. कुणी ऊसतोडीला जातो, कुणी पुण्यात वॉचमन आहे. त्यांचं वाजवणं कुठं भरून ठेवलं आहे? नावं कुठं लिहिली आहेत?

असं काम होऊ शकतं, हे आपल्या महाराष्ट्रातच दिसलं आहे. गी पॉइतेवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारानं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं गेलं. नाहीतर ओवी उरली असती, बाई हरवली असती.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. आपल्या गावात जुने बँडवाले, सनईवाले, संबळवाले असतील तर गटानं त्यांच्याकडं जावं. परवानगी घ्यावी. फुकट वाजवायला लावू नये, बिदागी द्यावी. आधी त्यांच्याच तोंडून नाव, गाव, वाद्य आणि गुरू कोण ते बोलून घ्यावं, मग वाजवणं. पितळी वाद्याचा आवाज जवळून फाटतो, तेव्हा मोबाइल चार-पाच हात लांब ठेवावा. पंखा आणि टीव्ही बंद करावा. भरलेलं दोन ठिकाणी ठेवावं आणि एक प्रत त्या वादकाच्या घरी द्यावी. त्याच्या बायकोचं नावही विचारावं. तो रात्र-रात्र वरातीत असताना घर आणि शेत तिनंच ओढलेलं असतं.

पुढच्या लग्नाची सुपारी देताना बँडचाही विचार करा.