चोथा, इसबगोल आणि आपला चौविहार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दापोडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्यानंतरचे सारे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. आरोग्यविषयक व्याख्यानमालेत माझे नाव कोणी सुचविले, असे मी संयोजकांना विचारले. तेव्हा एका स्नेह्याने हसत उत्तर दिले, की पोटाच्या विषयात तुमच्याइतके सोसलेला माणूस आपल्या संघात दुसरा नाही. हे प्रमाणपत्र मी नम्रपणे स्वीकारले. समोर बसलेल्या डॉक्टर मंडळींनी माझे काही चुकल्यास जरूर कान धरावा.

विषय जरा संकोचाचा आहे. बद्धकोष्ठतेविषयी आपण घरात बोलत नाही, मात्र घरोघरी इसबगोलचा डबा असतो. आपल्या व्यवसायाचे स्वरूपच असे आहे, की सकाळी दहापासून रात्रीपर्यंत गादीवर बैठक. मुंबई-पुणे रस्त्यावर दुकान असो वा गल्लीच्या तोंडाशी, गिऱ्हाईक समोर असताना पाण्यासाठी कोण उठतो? त्यातून पाच तिथींना हिरवी भाजी नाही, चातुर्मासात पालेभाज्या नाहीत, कंदमुळे तर कधीच नाहीत. हे नियम आपण श्रद्धेने पाळतो आणि पाळावेत. पण भाजी गेली की तिच्या जागी ताटात काय येते, हे एकदा तपासून पाहावे. बेसनाचे गट्टे, पापडाची भाजी, कढी, वर साबुदाणा नाहीतर मैद्याची पुरी. चोथा जवळजवळ शून्य! नियमाने भाजी वर्ज्य केली, पण अख्खे मूग, मटकी, चवळी, ज्वारी, बाजरी यांना कोठेही मनाई केलेली नाही. ती आपणच ताटातून काढून टाकली.

चोथा म्हणजे धान्य, कडधान्य, फळे आणि भाज्या यांतील जो भाग आपल्या पाचकरसांनी पचत नाही, तो. पचत नाही म्हणून तो निरुपयोगी, असे पूर्वी मानले जाई. आयर्लंडमध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी अनेक वर्षे युगांडात काम केले. तेथील ग्रामीण माणसांच्या आहारात चोथा भरपूर असतो आणि पाश्चात्त्यांचे आतड्याचे अनेक विकार त्यांच्यात क्वचितच आढळतात, या निरीक्षणाकडे त्यांनी 1970 च्या दशकात जगाचे लक्ष वेधले. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी किमान 25 ग्रॅम चोथा, तोही नैसर्गिक अन्नातून, घेण्यास सांगते. हे वाचून किंवा डॉक्टरांकडून ऐकून मनुष्य तडक दुकानात जातो आणि डबा आणतो. माझी खरी गोष्ट तेथूनच सुरू होते.

इसबगोल आपल्याला परका नाही. कापडाच्या खरेदीसाठी अहमदाबादेस जाताना आमच्यापैकी पुष्कळांनी वाटेवर त्याचा व्यापार पाहिला असेल. उत्तर गुजरातेतील उंझाची बाजारपेठ जशी जिऱ्याची, तशीच इसबगोलचीही. सिद्धपूर येथे बी भरडून वरची साल वेगळी करण्याचे कारखाने आहेत. राजस्थान आणि मध्य प्रदेशातही हे पीक होते. रब्बीचे हे पीक मोठे नाजूक. काढणीच्या वेळी एक अवकाळी सर आली की बी ओले होऊन शेतातच चिकट होते आणि शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. नाव फारसीतून आले आहे. त्याचा अर्थ घोड्याचा कान. बीचा आकार पाहिला म्हणजे नाव पटते. शेतात एका पावसाने ज्याची ही अवस्था होते, ते पोटात गेल्यावर पाणी मागणार, एवढे माझ्यासारख्या व्यापाऱ्याला कळायला हवे होते. ते कळले नाही.

2014 सालचा जानेवारी महिना. माझ्या मातोश्री, आम्ही त्यांना बाई म्हणत असू, तेव्हा 84 वर्षांच्या होत्या. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांचा चौविहार कधी चुकला नव्हता. गुडघे गेल्यामुळे हालचाल मंदावली होती आणि पोट साफ होत नाही, ही त्यांची नित्याची तक्रार होती. मी मोठ्या उत्साहाने इसबगोलचा डबा आणून त्यांच्या हाती दिला आणि रोज रात्री दोन चमचे घेण्यास सांगितले. रात्री त्या पाणीच घेत नाहीत, हे सांगताना माझ्या ध्यानातही आले नाही. बाईंनी त्यांच्या परीने मार्ग काढला. जानेवारीत सूर्यास्त सहाच्या सुमारास. जेवण आटोपले, की पच्चक्खाण घेण्यापूर्वी शेवटच्या क्षणी दोन चमचे तोंडात टाकायचे आणि अर्ध्या वाटीभर उकळलेल्या पाण्याने उतरवायचे. अधिक पाणी प्यायले तर रात्री उठावे लागेल, गुडघे साथ देत नाहीत, हाही हिशेब त्यात होता. दुसऱ्या दिवशी नवकारशी येईपर्यंत जवळजवळ 14 तास पाण्याचा थेंब नाही.

चौथ्या दिवशीही गुण आला नाही, म्हणून मी दोनाचे तीन चमचे केले. माल खपत नाही म्हणून आणखी माल भरावा, तसा हा प्रकार. सहाव्या दिवशी पोट नगाऱ्यासारखे ताणले गेले, कळा येऊ लागल्या आणि उलटी झाली. त्यांना रात्रीच रुग्णालयात न्यावे लागले. क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "यांना पाणी किती दिले?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. आतड्यात मळ घट्ट होऊन अडकला होता आणि वरून येणाऱ्या कोरड्या सालीने त्यात भर पडली होती. सूर्यास्तानंतर तोंडाने पाणी घेण्यास बाईंनी तेथेही नकार दिला. सलाईन चालू होते म्हणून निभावले. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही, हे आमचे पुण्य. पाचव्या दिवशी त्या घरी आल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "सुती कापड धुतल्यावर आटते, हे तू गिऱ्हाईकाला न विसरता सांगतोस. मग हे पाणी पिते, हे मला का नाही सांगितलेस?"

बंधू-भगिनींनो, ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर मी डॉक्टरांना विचारून विषय समजावून घेतला. आपणही घरी करून पाहावे. एका पेल्यात चमचाभर इसबगोल घालून वर पाणी ओतावे आणि दहा मिनिटे थांबावे. भरपूर पाण्यात मऊ, घसरती लापशी होते. चार चमचे पाण्यात मात्र लगदा होतो. कापडाला खळ करणारा हे जाणतो. पाणी कमी पडले की खळीच्या गुठळ्या होतात. मोठ्या आतड्याचे एक मुख्य काम मळातील पाणी शोषून घेणे हे आहे, म्हणून मळ जितका वेळ आत राहील तितका कोरडा होतो. इसबगोल पाणी धरून ठेवतो, म्हणून मळ मऊ राहतो. पण धरायला पाणीच नसेल तर तो काय धरणार? घशात किंवा अन्ननलिकेत अडकण्याचाही धोका असतो. याच कारणासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 मध्ये दाणेदार स्वरूपातील इसबगोलची रेचके बाजारातून काढण्याचा निर्णय घेतला. तेथे अशा औषधांच्या वेष्टनावर पेलाभर, म्हणजे साधारण पाव लिटर पाण्याबरोबर घ्यावे, असा इशारा छापावा लागतो.

दुसरी तक्रार वायूची. पोट फुगणे, गुडगुडणे, मुरडा येणे, याने त्रासून पुष्कळ लोक आठवडाभरात डबा फडताळात टाकतात. न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात गेल्यावर तेथील सूक्ष्म जीवाणू तो आंबवितात आणि वायू तयार होतो. ज्या पोटाला वर्षानुवर्षे मैद्याची सवय, त्यावर एकदम दुप्पट चोथा लादला तर ते कुरकुरणारच. ओळीच्या नऊ दिवसांत आयंबिलाच्या कडधान्यांनी काहींना जो त्रास होतो, त्याचे कारणही याच जातीचे. मात्र सर्व चोथा सारखा नाही. इसबगोल फारसा आंबत नाही, म्हणून त्याचा वायू तुलनेने कमी. बाजारातील अनेक नव्या पुड्यांत इन्युलिन असते. ते झपाट्याने आंबते आणि पोट अधिक फुगविते. आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. हे इन्युलिन बहुधा चिकोरीच्या मुळापासून काढतात. कांदा-बटाटा टाळणाऱ्याने पुडीवरील बारीक अक्षरे वाचावीत. कॅप्सूलचे आवरणही पुष्कळदा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राणिजन्य आहे. साखर घातलेला सुगंधी इसबगोल मधुमेही मंडळींनी विचारूनच घ्यावा.

आता चौविहाराचे. रात्री झोपताना घ्यावे, हा डब्यावरचा सल्ला ज्याला रात्री पाणी पिता येते त्याच्यासाठी आहे. त्यासाठी व्रत मोडण्याचे काही कारण नाही, वेळ बदलावी. आमच्या घरी आता नवकारशीनंतर, उकळलेल्या पाण्याचा हंडा निवला की, मोठ्या पेल्यात इसबगोल ढवळून लगेच पितात, वर आणखी अर्धा पेला पाणी घेतात आणि दिवसभर पाणी चालू ठेवतात. ज्यांना सकाळी जमत नाही ते दुपारी तीनच्या सुमारास घेतात. सूर्यास्ताच्या तोंडाशी कोणीही घेत नाही. आरंभ अर्ध्या चमच्याने. आठवडाभर पोट शांत राहिले तर एक चमचा. इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवतात, कारण ही साल औषधालाही आपल्यात गुंतवून ठेवू शकते. उपवासाच्या दिवशी तो घ्यावा की नाही, हा प्रश्न गुरुभगवंतांना विचारावा. माझा अधिकार नाही. मात्र ज्या दिवशी पाणी पुरेसे पोटात जाणार नाही त्या दिवशी डबा उघडू नये, एवढे मी अनुभवाने सांगतो. अठाईच्या पारण्याला तर मुगाच्या पाण्यापासूनच चढत जावे. तेथे चोथ्याची घाई नको.

श्राविका मंडळाला एक विनंती. तिथीच्या दिवशी बेसनाऐवजी अख्खे मूग किंवा मटकी करावी. मोड आणू नयेत, पण सात-आठ तास भिजवून, ते पाणी टाकून, नीट शिजवावी. त्याने वायूही कमी होतो. कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा गाईला घालतात, तो आधी घरातील माणसांना मिळू द्यावा.

एका गोष्टीत मात्र विलंब नको. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, रक्त दिसले, वजन विनाकारण घटले, गिळताना अडथळा जाणवला, पोट फुगून वारा सरणेही बंद झाले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर डबा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. संकोचापायी इसबगोलवर महिनोन्महिने काढलेली माणसे मी आपल्याच आळीत पाहिली आहेत. त्यांतील सगळ्यांची गोष्ट बाईंसारखी पाचव्या दिवशी घरी येण्याची नव्हती.

बाई 2019 मध्ये गेल्या. शेवटपर्यंत त्यांचा चौविहार अखंड होता आणि इसबगोलही चालू होता. रोज सकाळी पेला माझ्यापुढे धरून त्या विचारीत, "पाणी पुरे का रे?" आणि मी मान डोलावल्यावरच पेला तोंडाला लावीत.

 बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध एखादा शब्द गेला असल्यास मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र.